जरा ताकद आली की

मेहकरात सगळा जन्म गेला माझा, आणि मेहकर पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. तेही हौसेनं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं, रोज थोडं फिरत जा. आणि वहिनीनं मला सांगितलं होतं, त्यांना एकटं सोडू नका. म्हणून आम्ही दोघं म्हातारे भाऊ रोज दुपारी चारला, परगावचे पाहुणे निघावेत तसे, आपलंच गाव पाहायला निघायचो.

डॉक्टरांनी दादाला सांगितलं ते एवढंच. बाकीचं त्यांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं. कॅन्सर होता, यकृतात पसरला होता, आणि हातात फार तर चार-सहा महिने होते. वहिनी भिंतीला टेकली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हेच, "त्यायले नोका सांगू भाऊजी. हाय खाऊन बसतीन ते." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. दादाच्या तोंडाकडे पाहून हे सांगायची माझी हिंमतच नव्हती, आणि आता ती लागणारही नव्हती. त्याचे डोळे पिवळे झालेच होते, त्यामुळे आजाराचं नाव शोधायलाही लांब जावं लागलं नाही. परतीच्या वाटेवर मी त्याला म्हणालो, जुनी कावीळ आहे, अंगात मुरलेली. उतरायला वेळ घेईल.

दादानं ते जसंच्या तसं मानलं. तीस वर्षं तो बसस्टँडवर कंट्रोलर होता. गाडी पाऊण तास लेट आहे असं कळलं की तो तेच माइकवर सांगायचा, वर स्वतःचं डोकं चालवायचा नाही. कावीळ म्हटल्यावर त्यानं कावीळ धरली आणि पथ्य सुरू केलं. तेल बंद, तिखट बंद. वरण-भात, ताक, भाजलेले फुटाणे, उसाचा रस. ज्या माणसाला ठेच्याशिवाय भाकरी उतरत नव्हती तो वाटीत बिनफोडणीचं वरण घेऊन शहाण्यासारखा जेवायचा. एकदा वहिनी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "बोटभर दे नं," म्हणाला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. द्यायला काहीच हरकत नव्हती, पण दिला असता तर त्याच्या मनात आलं असतं की आता पथ्य कशाला सुटलं. मी म्हणालो, "पंधरा दिवस दम धर." तो मान डोलावून परत बाहेर जाऊन बसला. ते पंधरा दिवस पुढे कधी संपले नाहीत, आणि मरेपर्यंत माझा भाऊ अळणी जेवला, ते आमच्या खोटेपणाची लाज राखायला.

तर आमचं फिरणं. आधी बालाजी झाला. देवळात आम्ही लहानपणापासून जात होतो, पण पाया पडून, तीर्थ घेऊन, चपला शोधत बाहेर. मूर्ती नीट उभं राहून पाहिलीच नव्हती. यवतमाळकडचं एक कुटुंब आलं होतं, त्यातल्या बाईनं दादाला विचारलं, मूर्तीच्या पायाशी कोण कोण कोरलंय. दादाला येईना. इतकी माणसं या देवाला येताना त्यानं गाडीतून उतरवून घेतली, आणि पायाशी कोण आहे ते ठाऊक नाही! तो ओशाळला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि पुजाऱ्याला विचारून सगळं समजून घेतलं. म्हणाला, पुढल्या खेपेला कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. पुढल्या खेपेचं त्याचं हे सारखं चालायचं. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचो.

मग पैनगंगेकडची जुनी धर्मशाळा. दगडी खांब, मधोमध मोकळा चौक, कोपऱ्यात कोणीतरी वाळत घातलेली गोधडी, आणि बिडीची थोटकं. दादा एकेका खांबाला हात लावत पूर्ण फेरी मारायचा आणि आकडा रोज वेगळा यायचा. मी चिडवायचो, "गाड्याही अशाच मोजत होता का बे?" तो म्हणायचा, गाड्या हलतात, त्या मोजायला सोप्या असतात. मग आम्ही ओट्यावर बसायचो. नदीत पाणी थोडं आणि घाण जास्त, वारा आला की नाक दाबावं लागायचं. पण ऊन चांगलं यायचं. दादाला थंडी फार वाजायला लागली होती.

टेकडीवरच्या पडक्या महालाकडे आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा वरपर्यंत पोचलो, दुसऱ्यांदा निम्म्यात बसलो. तिसऱ्यांदा त्यानं पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे, कुठं पळून जाऊन राह्यला तो. जरा ताकद आली की जाऊ." मी दुसरीकडे तोंड करून उभा राहिलो.

याच बोलीवर त्यानं आणखी एक काम ठेवलं होतं, आणि तेच खरं काम होतं. ते म्हणजे आमची बहीण.

ताई दादापेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठी. तिला जानेफळला दिलेली, मेहकरहून जानेफळ म्हणजे तासाभराची सुद्धा वाट नाही. पण दादा अकरा वर्षं तिच्या दारात गेला नव्हता. तिच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून नवरीला बोहल्यावर आणायचा आणि तिच्या मागे उभं राहायचा मान दादाचा होता. त्या दिवशी त्याची ड्यूटी होती आणि बदलीचा माणूस वेळेवर आला नाही. इकडे मुहूर्त टळत होता, सासरची मंडळी घाई करत होती. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तूच उभा राय." मी उभा राहिलो. दादा मांडवात शिरला तेव्हा अक्षता पडत होत्या. त्यानं आहेराचं पातळ खुर्चीवर ठेवलं आणि न जेवता पहिल्या गाडीनं परत गेला. माझ्यावर तो कधीच रागावला नाही. "तुले सांगितलं म्हनून तू उभा राह्यला. पन तिनं दहा मिन्टं थांबाचं होतं." ताईचं म्हणणं, मुलगी माझी होती, मुहूर्त काय माझ्या हातात होता? ती समजूत काढायला आली नाही, तो गेला नाही. मी मात्र दोन्हीकडे जेवत राहिलो.

त्या हिवाळ्यात धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दादा आपणहून तिच्याविषयी बोलायला लागला. लहानपणी ती त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची, तिचा पाय चाकात गेला होता, बापाचा मार त्यानं खाल्ला होता. हे मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एके दिवशी म्हणाला, "चुकलंच माहं. लेकीच्या लग्नाचं ताट टाकून आलो मी. तिच्या दारात जाऊन मीच म्हनतो, वाढ आता."

त्याच आठवड्यात आम्ही बसस्टँडवर गेलो. फिरणं कुठूनही सुरू होवो, त्याला शेवटी स्टँडवर एक चक्कर लागायची. नव्या पोरीला माइकवर बोलताना ऐकून तो गालात हसायचा. जानेफळची गाडी लागलेली होती. दादा सरळ तिच्याकडे गेला, दांडीला धरलं आणि एक पाय पायरीवर ठेवला. मला वाटलं, जातोय. मनापासून वाटलं, जा बाबा.

तो तसाच थांबला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अशे पिवळे डोळे घेऊन काऊन जाऊ? तिले वाटन, मराले टेकला म्हनून आला. बरा होऊन जातो नं. चालन नं?"

मी गाडीवरची पाटी वाचत राहिलो.

"होईन नं बे मी बरा?"

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा होता. मला एवढंच म्हणायचं होतं, दादा, आजच जा. तेवढ्यावर तो चढला असता. पण मी हे म्हटलं असतं तर का म्हटलं हे त्यानं माझ्या तोंडावर वाचलं असतं. "होशीन नं," मी म्हणालो. "संक्रांतीपर्यंत खणखणीत होतं सगळं." त्यानं पाय खाली घेतला. गाडी निघून गेली आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

संक्रांतीपर्यंत तो अंथरुणाला लागला होता. फिरणं आधी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, मग अंगणापर्यंत, मग खाटेवरून खिडकीपर्यंत. वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताईले बोलवाचं का?" मी कडाडलोच तिच्यावर. अकरा वर्षांत उंबरा न ओलांडलेली बहीण अचानक दारात उभी राहिली तर त्याला काय कळायचं राहील? मग आपण हे इतके दिवस केलं ते कशासाठी? वहिनी ताक घुसळायला निघून गेली. मला तेव्हा माझं म्हणणं अगदी बिनतोड वाटत होतं.

आणि दोनच दिवसांनी ताईचाच फोन आला. जानेफळचं कोणीतरी मेहकरच्या बाजारात दादाला पूर्वी कधी पाहून गेलं होतं. "दादा लय खराब झाला म्हन्तात. खरं सांग, येऊ का मी?" मी म्हणालो, "कावीळ आहे ताई. उतरून राह्यली आता. तू नको घाई करू. तोच येणार आहे तुझ्याकडे, ताकद आली की." ती पलीकडे रडायला लागली, आनंदानं. "खरंच म्हन्ला तो असा?" मी म्हणालो, खरंच. आणि तेवढं तरी खरंच होतं.

त्या फोननंतर नवव्या दिवशी दुपारी दादा गेला. वहिनी ताक घेऊन आली तेव्हा त्यानं मान फिरवली, आणि ती वाटी ठेवून परत वळेपर्यंत संपलं होतं. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पुष्कळ लोक म्हणतात की आजाऱ्याला कळतंच, तो नुसता दाखवत नाही. मीही तशी समजूत करून पाहिली. पण आदल्या दिवशी त्यानं मला पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढायला जाऊ म्हणून सांगितलं होतं.

ताई आली ती माणसं जमल्यावर. आक्रोश करील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती त्याच्या पायाशी बसून राहिली आणि कोणाशी बोलली नाही. तेरवी होईपर्यंत मेहकरातच राहिली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मला म्हणाली, "कुठं कुठं फिरत होते तुम्ही, मले दाखव."

मी तिला बालाजीला नेलं. टेकडी लांबून दाखवली, तिचे गुडघे दुखत होते. मग धर्मशाळेत आलो आणि आम्ही बसायचो त्याच ओट्यावर ती बसली. मी काही सांगत होतो, खांबांचं, उन्हाचं. तिचं लक्ष नव्हतं. कॅन्सर होता हे तिला तेरवीच्या पाहुण्यांकडून कळलं होतं; दादाला ते ठाऊक नव्हतं हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"मरन समोर दिसत होतं त्याले," ती म्हणाली. "रोज इतका चालत होता तुह्यासंगं, स्टँडवर जात होता. अन् तरी माह्याकडं आला नाही. येनार हाय म्हनून तू फोनवर नुसती समजूत काढली माही. एवढा राग धरून गेला बे माहा भाऊ."

मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. मेलेला माणूस काही सांगायला येणार नव्हता, आणि माझं बोट कुठंच लागलेलं दिसत नव्हतं. मनात आलंही माझ्या, राहू दे. पण दादाच्या नावावर तो राग जन्मभर लागणार हे मला बघवेना. मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, कावीळ, पथ्य, गाडीच्या पायरीवरचा पाय, तो म्हणाला ते आणि मी म्हणालो ते. तिला का बोलावलं नाही तेही सांगितलं. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

तिनं ओट्यावरची एक काडी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "तुले फोन केला त्या दिवशी मी पिशवी भरून बसली होती. दशम्या केल्या होत्या त्याच्यासाठी. गाडी यीन म्हनून पायात चपला घालून बसली होती. तू म्हन्ला घाई नको करू, तवा काढून ठेवल्या."

मला रडू आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि तिनं तो ठेवावा असं मला वाटलंही नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि घराकडे निघाली. मी मागून चालत होतो. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली, माझी वाट पाहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी पिशवी भरून बसली होती, हे वहिनीले नको सांगू. तिच्या जिवाले लागन. तिनं इचारलं तर म्हन, ताईले काहीच माहीत नव्हतं."

"नाही सांगत," मी म्हणालो, आणि ते माझ्या तोंडून इतकं चटकन निघालं की माझं मलाच भय वाटलं.