एवढ्यात पेटला?

करी रोडच्या पुलाखाली कणसं भाजणाऱ्याने कोळसे फुलवले आणि त्या वासाने मला परळच्या चाळीतली आई आठवली. वडिलांची पहिली पाळी असायची, म्हणून ती पहाटेच गॅलरीत शेगडी घेऊन बसायची. पुठ्ठ्याने वारा घालत, डोळे पुसत तिची सकाळ सरायची. पुढे खोकला बळावला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “बाई, किती वर्षं विडी ओढता?” जन्मात विडीला हात न लावलेल्या आईने मान खाली घातली. मीच म्हटलं, “घरात कोळशाची शेगडी आहे.” नंबर लावून ठेवलेला गॅस अखेर आला, तोवर तिला उठवतही नव्हतं. आम्ही तिला धरून ओट्याशी नेलं. वडिलांनी काडी ओढली, निळा जाळ झाला. “एवढ्यात पेटला?” म्हणत ती धाप लागेपर्यंत हसली, आणि मग रडायलाच लागली. वडील म्हणाले, “अगं, आता आराम कर.” ती म्हणाली, “आता कसला आराम, आता नुसतं पडून राहायचं.” त्या गॅसवर तिने एकही भाकरी भाजली नाही. पावसाळ्याआधीच ती गेली. आज मी तिच्याहून वयाने मोठी आहे. माझा चहा चटकन होतो, आणि उरलेली सकाळ मी खिडकीपाशी नुसती बसून काढते.