मेमोचं उत्तर

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात इंग्रजीचे क्लास घ्यायचे. कर्ता आधी, क्रियापद लगेच त्याच्या मागे, वाक्य संपलं की टिंब. तेच ते सांगून घसा बसायचा. मुलं दुकानदारांची, कॉमा मीठ भुरभुरल्यासारखा कुठेही टाकायची. "मॅडम, फुलस्टॉप नहीं दिया तो क्या होगा?" एकाने विचारलं की सगळी हसायची. मला ते हसणं सोसायचं नाही. ओरडायचंही त्राण नसायचं, मग मी फळा पुसत बसायचे.

त्याआधी दहा वर्षांची गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. बाबा आनंदनगरच्या एका कंपनीत हेल्पर होते. गावी काका वारले, तार आली, आणि बाबा तसेच निघाले. रजेचा अर्ज वगैरे काही नाही. आठ दिवसांनी परत कामावर गेले तर हातात मेमो. न सांगता गैरहजर का राहिलात, साहेबांसमोर येऊन इंग्रजीत खुलासा द्या, नाहीतर नोकरीवरून काढू. बाबा चौथी शिकलेले, तेही मराठीत.

घरात इंग्रजीवाली मी. दहावी नुकतीच झालेली, आणि कॅम्पात टायपिंगच्या क्लासला जायचे. तिथे मॅडम मजकूर सांगताना विरामचिन्हंही मोठ्याने बोलायच्या, आम्हीही तसंच पुटपुटत टाइप करायचो. दिवसभर कानात तेच. मला वाटायचं आपल्याला इंग्रजी आलं. कसलं डोंबलाचं आलं होतं.

मी खुलासा लिहिला, छान टाइपही केला. पण साहेब तोंडी विचारणार म्हणून बाबांसाठी तोच मजकूर देवनागरीत उतरवून दिला. कुठे थांबायचं ते कळावं म्हणून खुणासुद्धा अक्षरात लिहिल्या. बाबा तीन दिवस घोकत होते. कामाला जाताना, अंघोळ करताना, जेवताना. आई म्हणायची, "अहो, घास तरी गिळा." शेवटच्या दिवशी त्यांनी मला सगळं म्हणून दाखवलं. मी कागद धरून बसले होते. एक शब्द चुकला नाही. मी म्हटलं, "बाबा, एकदम बरोबर." माझ्या कानाला काही खटकलंच नाही, रोज तेच ऐकत होते ना.

दुसऱ्या दिवशी दुपारीच बाबा घरी आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "राहिली नोकरी. ताकीद देऊन सोडलं. साहेब लोक हसतमुख होते." आईने डोळे पुसले. मी दोन दिवस हवेत होते. वस्तीतले चार जण माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला आले, त्यांनाही मी ऐटीत लिहून दिले.

महिन्याभराने बाबा डबा विसरले म्हणून मी कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमनने विचारलं, किसकी लडकी? मी सांगितलं. तो आत वळून ओरडला, "अरे, फुलस्टॉप को बुलाओ, उसकी बेटी आयी है." आतून कुणीतरी खिंकाळलं. बाबा हात पुसत आले. त्या हाकेला ते सवयीने आले, हे मला दिसलं, आणि मग सगळंच लख्ख कळलं. सर कॉमा माय ब्रदर डाइड फुलस्टॉप. मीच तसं लिहिलं होतं, आणि त्यांनी तसंच साहेबांसमोर म्हटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तू मन लावून लिहिलं होतंस," ते म्हणाले. डबा घेतला. "पहिल्यांदा हसले तेव्हा मला कळेना. म्हटलं, भाऊ गेला म्हणून सांगतोय, यात हसण्यासारखं काय आहे. पण थांबलो नाही बघ. थांबलो असतो तर पुढचं विसरलो असतो."