बाकावरची वाटणी

आमच्या दवाखान्यातले आकडेमास्तर खडूस, पण कामात चोख. हात थरथरण्यावरच्या नव्या गोळीची चाचणी त्यांच्याकडे होती. वीस जणांना खरी गोळी, वीस जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. दर सोमवारी बाटल्या मी द्यायचे, पण कोणाला कुठली हे मलाही ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणायचे, "गोळी निरुपयोगी आहे असं धरूनच चालायचं. दोन गटांत ठळक फरक दिसला, तरच ते खोडायचं."

सहा महिन्यांत फरक दिसला नाही. दोन्ही गटांना सारखंच थोडं बरं वाटलं. मास्तरांनी अहवालावर सही केली आणि गोळी बनवणंच बंद झालं.

त्यानंतर चाचणीतल्या शिवणकामवाल्या मावशी आल्या. त्यांनी आमच्यासमोर सुईत दोरा ओवला. "नवी बाटली कधी देताय?"

मास्तरांनी यादी पाहिली. "मावशी, तुमची गोळी बिनऔषधाची होती."

"आम्ही काय खुळे आहोत? बाहेर बाकावर सगळ्यांच्या गोळ्या माझ्या पिशवीत ओतून सारख्या वाटून घ्यायचो. एकट्यादुकट्याने बरं होणं बरं दिसत नाही."

मास्तरांनी यादी मिटली. "बोलला का नाहीत?"

"रोज गोळी घेता का, एवढंच विचारायचात. घेत होतो की."

मग मावशींना सगळं सांगितलं: औषध सगळ्यांच्याच पोटात गेलं म्हणून फरक दिसला नाही, आणि आता ती गोळी कुठेच मिळणार नाही. त्यांनी ओवलेली सुई पदराला टोचून ठेवली. "आता हात पुन्हा थरथरायला किती दिवस लागतील?"

तो आकडा मास्तरांना माहीत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.