पवनचक्कीने पाळलेला गुरुवार

पुण्यातून पहाटे निघालं की नगरला नाश्ता, पाथर्डीला दुसरा चहा आणि ऊन तापायच्या आत शिरूर कासार. स्वतःची गाडी नसेल तर पाथर्डीपर्यंत एसटीनं या. रस्ता आता बरा आहे. फक्त टेकडीकडचा शेवटचा तुकडा मुरमाचा, तिथं लहान गाडीचं पोट घासतं. राहायची सोय मात्र बीडलाच बघा.

मी पवनचक्कीच्या पात्यांचं नियंत्रण आखतो. वारा वाढला की तिन्ही पाती आपापल्या बुंध्यात किती वळावीत, हे ठरवणारी यंत्रणा. वादळात वीज गेली तर पात्यांनी अंग चोरून वाऱ्याला वाट द्यायला हवी. त्यासाठी बुंध्याशी बॅटऱ्या असतात. इकडच्या उन्हात त्या लवकर म्हाताऱ्या होतात. त्या तपासायचं काम मी मुद्दाम मागून घेतलं, कारण त्या टेकडीखालच्या गावात माझी मामेबहीण सुमनआक्का राहते.

आक्का गावच्या दूध संस्थेची चेअरमन. टेकडी संस्थेची, आणि तिच्यावर चक्की उभी करायला गावाला तयार केलं तेही आक्कानंच. मी पोचलो तेव्हा पेरण्या होऊन पाऊस गडप झाला होता. ढग रोज येत आणि वरच्या वर निघून जात. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढता वाढता आक्का म्हणाली, "दत्ता, गुरुवारी गावानं वार धरलाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस ओढ देतो तेव्हा गाव एक वार पाळतं. त्या दिवशी औत जुंपायचं नाही, गिरणी लावायची नाही, गाडीचं चाकसुद्धा फिरवायचं नाही. सगळ्यांनी मारुतीपुढं बसून पाऊस मागायचा.

"अन् त्या दिवशी वरची फिरत राहिली," आक्का म्हणाली, "तर संस्थेच्या बैठकीत टेकडीच्या भाड्याचा करार वाढवू देणार न्हाईत. त्या भाड्यावर चारा-छावणीतली जनावरं जगतेत."

शेजारचे बाप्पा ओसरीवर बसले होते. विरोध त्यांचाच. म्हणाले, "समदं गाव बसायचं अन् ही एकटीच का म्हून नाचायची?"

मी म्हणालो, "बाप्पा, पाती ढग हाकलत नाहीत. ढग लई वर असतात."

"ते कळतं मला. मी काय येडा हाय का? पण गावात राहायचं तर गावाचा वार पाळायला नको?"

मी खिशातून फोन काढला.

तपासणी शुक्रवारी ठरली होती. ती गुरुवारी घेऊ का, म्हणून मी प्रकल्पावर फोन केला. तपासणीत बॅटऱ्या रिकाम्या होतात आणि पुन्हा भरेपर्यंत चक्की कामाला लावता येत नाही. म्हणजे दिवस असाही जाणारच होता. ते लगेच हो म्हणाले.

गुरुवारी बीडहून सलीमभाई आले, चक्कीवर चढून दुरुस्ती करणारे. त्यांनी जीप वेशीबाहेरच लावली. "चालतच जाऊ सर, आज चाक न्हाई." मग आक्काला विचारलं, "आमी काम केलेलं चालतं का?"

"आजाऱ्याचं दवापाणी चालतं," ती म्हणाली.

वारा मवाळ होता. वर चढून, तिन्ही पात्यांचं चक्र खिळीनं अडकवून आम्ही त्याच्या आत शिरलो. तेलाचा वास, भट्टीसारखी ऊब. बाहेरची वीज तोडली. दोन पाती सरळ वळली, तिसरं अर्ध्यावरच थांबलं. सलीमभाई म्हणाले, "वादळात हेच झालं असतं सर." बॅटऱ्या बदलल्या, तिसरंही वळलं, तेव्हा मी मनात हात जोडले.

खिळी काढून आम्ही उतरलो. चक्र फार वेळ जखडून ठेवलं तर आतल्या बेअरिंगला इजा होते. पाती वळवून ठेवली तरी मोकळं चक्र वाऱ्यावर डुलतंच. हे मला रोजचं, पण गावाला सांगायचं राहून गेलं.

देवळापुढं अख्खं गाव बसलेलं. बाप्पांनी टेकडीकडं बोट केलं. "फिरतीय की बे."

मी बेअरिंगचं सांगायला लागलो तर कुणी ऐकेना. तेवढ्यात बायकांतून आक्काचा आवाज आला. "बाप्पा, तुमचा बैल आज जुंपलाय का?"

"न्हाई."

"मग गोठ्यात मान का म्हून हलवतोय?"

"नुसता उभा हाय तो."

"ही बी नुसतीच उभी हाय."

मागं कुणीतरी हसलं. बाप्पा सतरंजीवर सरकले आणि मला म्हणाले, "बस."

परतताना बीडजवळ कपिलधारला थांबलो. धबधबा बघायचा असेल तर चांगला पाऊस झाल्यावर जा. मला दिसली ती कातळावरची ओल. देवळात मात्र गार वाटलं.

पाऊस नंतर आला, उशिरा आणि अर्धामुर्धा. त्याचं श्रेय आमच्याकडं नाही. करार वाढला, बाप्पांनी हात वर केला, पण अट घालून. पुढं गाव वार धरील तेव्हा चक्कीला निरोप गेला पाहिजे.

"अन् निरोप द्यायचा कुणी?" मी आक्काला फोनवर विचारलं.

"पाव्हणी कुणाची हाय ती? तुझीच."

ऑफिसात माझ्यासमोरच्या पडद्यावर ती चक्की रोज दिसते. वारा पडला की तिच्यापुढं 'निष्क्रिय' असं येतं. शब्द मीच निवडला होता. आता तो वाचताना मला गोठ्यात मान हलवणारा बैल दिसतो.