जाळीची दशमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या आत्याने मला लहानाचं मोठं केलं, जिने विधवा झाल्यापासून कांदासुद्धा तोंडात घातला नाही, तिला मी अंडं खाऊ घातलं. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या वेळी न ठरवता. पुढच्या दोन वेळा ठरवून.

तेव्हा आम्ही धंतोलीत भाड्याने राहत होतो. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी अकोल्याकडे माहेरी गेलेली. घरात मी, आत्या आणि माझी पाच वर्षांची लेक. लेक नुकतीच मुदतीच्या तापातून उठली होती. ताप गेला, पण भूकही घेऊन गेला. भात पुढे केला की मान फिरवायची, दूध दिलं की ओकायची. हाताची मनगटं इतकी बारीक झाली होती की तिच्या बांगड्या आत्याने काढून डब्यात ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, "पोटात काहीतरी जायला पाहिजे. अंडं सुरू करा." मी मान डोलावली. आमच्या घरात अंडं म्हणजे काय, ते त्यांना सांगत बसलो नाही.

त्याच सुमारास आमच्या कचेरीतल्या साहेबाची बदली झाली. बदली झालेले साहेब लोक घरचं सामान व्हरांड्यात मांडून लिलाव करत, आणि आम्ही कारकून मंडळी जुनी खुर्ची, कंदील असं काहीतरी घेऊन येत असू. मी एक लोखंडी यंत्र उचललं. लांब दांड्याचा, दोन पानांचा चिमटाच तो. पानांवर चौकोनी घरं कोरलेली. कपड्यांना चुण्या पाडायचं काहीतरी असेल अशी माझी समजूत. साहेबाचा खानसामा हसला. "बाबूजी, ये वाफल का साँचा है," म्हणाला, आणि कृती सांगितली. मैदा, दूध, लोणी, साखर, अंडी. "अंडा मत भूलना. उसके बिना साँचे से छूटेगा नहीं."

वाफल. त्या एका पदार्थात डॉक्टरांचं औषध लपवता येणार होतं. कचेरीतल्या एका मित्राने अंडी आणून दिली. ती मी टोपीत घालून घरी आणली आणि मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाआड लपवली. संध्याकाळी तिथेच शेगडी पेटवली. टरफलं लिंबाच्या झाडाखाली पुरली.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "काय करून राहिला गा?"

"साहेबी घावन. पोरीसाठी."

"पाणी घातलं काय त्यात?"

"पाण्याचा थेंब नाही. नुसतं दूध, लोणी, मैदा." जे सांगितलं ते सगळं खरं होतं. जे गाळलं ते एकच.

साचा उघडला आणि जाळीदार, तांबूस वाफल निघालं. लेक पहिल्यांदाच उठून बसली. बोटाने त्यातली घरं मोजायला लागली. मी संत्र्याच्या फोडी सोलून गुळाच्या पाकात घातल्या होत्या, वाटीत साय होती. ती म्हणाली, "बाबा, या घरात साय राहील. या घरात संत्रं. आणि हे आजीचं घर." तिने तो कोपरा मोडला आणि आत्यापुढे धरला. "आधी तू खा. मग मी."

मला वाटलं, आत्या नाहीच म्हणणार. रात्री ती अन्न घेत नसे, कुणाच्या हातचं तर नाहीच. पण ती पोरीच्या त्या बारीक हाताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दुधातलं आहे ना? म्हणजे दशमीच झाली. दशमीले काय सोवळं अन् काय ओवळं! आण वं माये."

पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी ओवळी होत नाही, म्हणून ती तिला चालायची. प्रवासातही ती तेच खायची. पाण्याचा थेंब नाही, असं मीच तर सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं. त्यातून 'गरम आहे' एवढंच निघालं. आत्याने फुंकर घातली आणि घास खाल्ला. मग लेकीने खाल्ला. अर्धं वाफल संपवून ती झोपली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्या पोटात काही टिकलं होतं. मला आनंदाने रडावंसं वाटत होतं आणि आत्याच्या खोलीकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने वाफल मागितलं, आणि तीच अट घातली. आजीशिवाय नाही. मी आत्याला खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, पोरीने ताट सारलं असतं, आणि यंत्र, अंडी, मी, सगळेच त्या घरातून बाहेर गेलो असतो. हे मी स्वतःला पटवलं. आज वाटतं, विचारून पाहायला हवं होतं. पोरीसाठी तिने काय केलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी ते तिच्या वतीने ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी मी अंड्याचंच वाफल दोघींपुढे ठेवलं. हे दुसरं.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, आत्याचं वेगळं करू. तिच्यासाठी अंड्याशिवाय पीठ कालवलं. खानसाम्याने सांगितलं तसंच झालं. वाफल साच्याला असं चिकटलं की सुरीने खरवडून चिंध्या काढाव्या लागल्या. लेकीने ताटात पाहिलं. "आजीची फाटकी आहे. मग मला पण फाटकीच." आणि तोंड मिटलं. मी चिंध्या बाजूला सारल्या आणि पुन्हा अंड्याचं केलं. हे तिसरं.

सकाळी मी पडवीत बसून साचा घासत होतो. आत्या न्हाऊन आली आणि थबकली.

"काहून रे इतका खरवडून राहिला? त्याची साल काढतं काय?"

"चिकटतं."

"परवापर्यंत तर नव्हतं चिकटत."

मी साचा उलटा करून घासायला लागलो. ती हसली. "तुझं लोखंड उपाशी आहे. आधी विस्तवात लाल कर, मग तूप पाज. अन् पिठात घट्ट दही घाल, चिमूटभर पापडखार घाल. थोडं तांदळाचं पीठ. मले एकदा विचारलं असतं तरी सांगितलं असतं. कचेरीत काय शिकवतात तुमाले?"

ज्या पापातून सुटायला मी धडपडत होतो त्याची वाट तीच मला सांगत होती, आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

मी साचा राखेने घासला, निखाऱ्यांत लाल होईस्तोवर ठेवला. विस्तवाने लोखंड शुद्ध होतं असं तीच म्हणायची; मी त्या शब्दावर भार टाकला. मग तुपाचा बोळा फिरवला. दही, पापडखार, तांदळाचं पीठ, मैदा, दूध. संध्याकाळी आत्याचं पीठ आधी ओतलं. साचा उलटवला. उघडला.

ते अलगद सुटलं. सगळी घरं शाबूत, कडा कुरकुरीत. मागोमाग लेकीचं, अंड्याचं, केलं. दोन्ही शेजारी ठेवली तर कुणाला फरक कळला नसता. लेकीने दोन्हींकडे नीट पाहिलं आणि घरं वाटायला घेतली. आजीच्या घरात साय, तिच्या घरात संत्रं, मधल्या घरात चारोळी.

आत्याने घास घेतला.

"आज जमली तुझी जाळीची दशमी," ती म्हणाली. "आधीच्याले वास येत होता गा. दूध उतरलं असंल म्हटलं. पण पोरगी खाऊन राहिली होती, म्हणून खाल्लं."

मी पडवीत गेलो आणि लाकडांच्या ढिगावर बसलो. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. आत लेक हसत होती. त्या आवाजाची सवय सुटली होती मला. त्या रात्री मी शांत झोपलो. उरलेली अंडी लेकीच्या पोटात गेली, तिची भूक परतली, बांगड्या डब्यातून बाहेर आल्या. मग घरात अंडं आलं नाही.

साचा मात्र राहिला. बायको तान्ह्याला घेऊन आली तेव्हा तिने तो ताब्यात घेतला. थंडीत हिरवा वाटाणा वाटून घातलेलं वाफल, वर मिरचीचा ठेचा आणि लोणी. सीताफळाच्या दिवसांत वर नुसता गर. भिजवलेल्या मुगाचं, वर तीळ आणि लिंबू. सीताबर्डीहून पाहुणे येत आणि विचारत, "इतकं कुरकुरीत कसं होतं? अंडं तर नाही ना?" बायको ठसक्यात सांगे, "आत्याबाईंची कृती आहे." आत्या भिंतीला टेकून बसलेली असे, खूश. मी पाणी आणायला आत जाई.

आता लेक कॉलेजात जाते. आत्याला दिसत नाही. लेक तिला रोज काहीबाही वाचून दाखवते. मी जे लिहितो तेही. म्हणून हे कागदावर उतरवताना मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट लिहीत गेलो तसं हलकं वाटत गेलं. एखादी गोष्ट इतकी वर्षं गिळून बसलो की ती आपल्याच पोटात घर करते. आज ते घर रिकामं झालं.

पण कागदाला सांगणं म्हणजे तिला सांगणं नव्हे. ती चिडेल, कदाचित प्रायश्चित्त घेईल, कदाचित माझ्या हातचं पाणी पिणं सोडेल. तो तिचा हक्क आहे, आणि तो मी इतकी वर्षं अडवून ठेवला. लेकीच्या हाती हा कागद पडण्याआधी आत्याजवळ बसून, माझ्या तोंडाने, हे तिला सांगणं मी अजून देणं लागतो.