पगारे मॅडम आणि उसातली वाट

पगारे मॅडमनी माझी मुलाखत चालता चालता घेतली. विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण केंद्रात कंत्राटी प्रकल्प सहाय्यक हवी होती. मी फाइल छातीशी धरून त्यांच्या खोलीशी पोचले, तर त्या दारातच चपला पायांत सरकवत होत्या. "तूच वैशाली ना? चल, मला राहुरीची एसटी गाठायचीय. वाटेत बोलू." फाटकापर्यंत त्या पुढे आणि मी जवळजवळ पळत मागे. मी एमएस्सीचे गुण सांगितले, त्या म्हणाल्या, "बरं, पुढं?" प्रबंधाचा विषय सांगितला. "बरं, पुढं?" शेवटी मला दम लागला. "मॅडम, पुढं काही नाही," मी म्हणाले. तेव्हा त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाल्या, "हे खरं बोललीस. सोमवारपासून ये."

बुटक्या, सावळ्या, खोचलेल्या पदराची सुती साडी आणि खांद्याला शाळकरी पोरांचे असते तसले दप्तर. वडील कोपरगावकडे साखर कारखान्यात कामाला होते. बुद्धवंदना झाल्याशिवाय पुस्तक उघडायचे नाही आणि पुस्तक उघडल्याशिवाय जेवायचे नाही, असा घरचा नियम होता म्हणे. मॅडमना जेवायचीही घाई, शिकवायचीही घाई. मीटिंगमध्ये त्या खिडकीशी उभ्या राहत. कोणी बसायला सांगितले तर म्हणत, "बसलं की माणूस एकमेकांची स्तुती करायला लागतो."

आमचे केंद्र म्हणजे ग्रंथालयामागच्या दोन खोल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पर्यावरण कसे शिकवावे याचे प्रशिक्षण द्यायचे, हे आमचे काम. शिक्षक येत, सही करत, पडद्यावर परदेशातली जंगले बघत, चहा पीत आणि प्रमाणपत्र घेऊन जात. एकदा राहुरीकडच्या एका वस्तीशाळेचे भालेराव गुरुजी मधेच उभे राहिले. "मॅडम, राग येऊ देऊ नका. पुस्तकात जंगल आहे. आमच्याकडं ऊस आहे आणि उसात बिबट्या. सकाळी पोरं त्याच वाटेनं येतात. मी त्यांना काय शिकवू?"

मॅडमनी प्रोजेक्टरची वायरच काढली. "हेच शिकवायचं. मला येत नाही. आधी मी शिकते."

त्यानंतर वनखात्याच्या लोकांमागे, ज्यांच्या दारातून बिबट्याने कुत्री-शेळ्या नेल्या त्यांच्यामागे त्या महिनोन्‌महिने हिंडल्या. मग आमचे प्रशिक्षण उसाच्या बांधावर भरू लागले. इस्त्रीच्या पँटीतल्या गुरुजींना त्या उकिडवे बसवत. "पहिलीच्या पोराची उंची करा. आता सांगा, काय दिसतं?" काहीच दिसत नसे. दोन्हीकडे नुसती हिरवी भिंत. "बिबट्याला मात्र तुम्ही दिसता. आणि एवढ्या उंचीचं काहीही त्याला शेळीसारखंच दिसतं. म्हणून पोरांना एकटं सोडायचं नाही, उसाकडेला बसू द्यायचं नाही, मोठ्यानं बोलत चालायचं, पुढं-मागं मोठं माणूस." कोणी तरी म्हणे, जंगल तोडले म्हणून तो गावात आला. मॅडम म्हणत, "गुरुजी, याचा जन्मच उसातला. याला जंगल ठाऊक नाही. तुमच्यासारखाच तोही इथलाच रहिवासी."

भालेराव गुरुजींच्या वस्तीवर पालकांसकट सगळ्यांना एकत्र बोलावायचे ठरले होते. त्याच आठवड्यात विद्यापीठात तपासणी समिती येणार असल्याचे कळले. संचालकांनी मॅडमना बोलावले. "सादरीकरण तुम्हीच करायचं. वस्ती काय, पुढच्या आठवड्यातही तिथंच आहे." मॅडम तणतणल्या, पण थांबल्या. मी भालेराव गुरुजींना फोन करून तारीख पुढे ढकलली.

समितीने केंद्राला उत्तम शेरा दिला. त्याच संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. सविता नावाच्या बाईचा मुलगा यश, वय वर्षे पाच, अंगणाच्या कडेला वाकून खेळत होता. आई चुलीवरची भाकरी उलटायला आत गेली होती.

सकाळी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. यशचा चुलता दत्तू मॅडमना पाहून ओरडला, "आता आलात व्हय? न्या की तुमचा बिबट्या तुमच्या विद्यापीठात! तितं पाळा त्याला!" मॅडम मान खाली घालून ऐकत राहिल्या. आतून सविता आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने हळूच विचारले, "बाई, तुमी आदीच येनार हुत्या ना? आल्या असत्या तर वाचलं असतं का माजं लेकरू?"

मी मनात म्हटले, मॅडमनी आता काही तरी समजुतीचे बोलावे. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, सविता. पण मी यायला हवं होतं." सविताने त्यांचाच हात धरून हंबरडा फोडला.

वस्तीवरची शाळा ओस पडली. आम्ही दारोदार फिरलो. एक आजोबा म्हणाले, "पोरगं शिकलं न्हाई तरी चालंल, जित्तं ऱ्हाऊ द्या."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "उद्या पोरं पाठवूच नका. तुम्हीच या. शाळेपर्यंत माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी बायाबापडे, म्हातारे असे बरेच जण आले. पायवाटेने निम्म्यात गेल्यावर मॅडमनी सगळ्यांना खाली बसायला लावले. कोणी हसले नाही. रोजची वाट त्या उंचीवरून कोणी पाहिलीच नव्हती. दोन्ही बाजूंचा ऊस दत्तूचा होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "वाटेलगतच्या सऱ्यांतला ऊस काढला तर लांबवरचं दिसेल." तो निघून गेला. मला वाटले, संपले. पण तासाभराने कोयत्याचा आवाज येऊ लागला. कारखान्याची तोड यायला अजून अवकाश होता, उभा ऊस कोवळा होता. दत्तू एकटाच खाली वाकून तोडत होता. मग त्याच्या मागे एकेक जण लागला. हळूहळू पोरे शाळेत येऊ लागली. पुढे एक मोठे माणूस, मागे एक, मधे पाढे म्हणणारी रांग. सविताने मात्र यशच्या धाकट्या बहिणीला, परीला, पाठवले नाही. तिचे पहिलीत जायचे वय झाले तरी नाही. मॅडमनी कधी तो विषय काढला नाही.

मुळात अस्वस्थ असलेल्या मॅडम त्यानंतर मला भीती वाटावी इतक्या अस्वस्थ झाल्या. परवानगीची वाट बघणे त्यांनी बंदच केले. आज कोपरगावकडची वस्ती, उद्या संगमनेरकडची. संचालक मला विचारत, "मॅडम कुठं आहेत?" मी खरेच सांगे, "उसात." रक्तदाब वाढला होता, गोळ्या दप्तरातच राहत. मी एकदा रागावून म्हणाले, "अशानं तुम्ही आजारी पडाल. सगळ्या वस्त्या तुमच्या एकटीच्या आहेत का?" त्या म्हणाल्या, "नाहीत गं. पण कुठली आधी आणि कुठली नंतर, हे मला आता ठरवता येत नाही."

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सभागृहात हार, शाल, नारळ सगळे तयार होते. मॅडम तेवढ्या नव्हत्या. भालेराव गुरुजींचा फोन आला होता, म्हणून त्या सकाळीच वस्तीवर गेल्या होत्या. मी त्यांची शाल पिशवीत टाकली आणि निरोप समारंभ सोडून तिकडे धावले.

दत्तूच्या उसाची तोड चालू होती. पाचटाखाली बिबट्याची दोन पिल्ले सापडली होती, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. भोवती काठ्या घेतलेली माणसे. पुढे कोयता घेऊन दत्तू, आणि त्याच्या नि पिल्लांच्या मधे पगारे मॅडम. पदर सुटलेला, चेहरा घामाने डबडबलेला.

"तिचीच हायत ही! यशला नेलं त्याच मादीची!" दत्तू ओरडला.

"असतील. मला माहीत नाही."

"मग सोडू व्हय?"

"मारलीत तर ती पिल्लं शोधत इथंच घिरट्या घालेल, दत्तू. शाळेच्या वाटेवर. वनखात्याची गाडी निघालीय. तेवढा वेळ द्या मला. मला काय वाटतंय ते तुम्हाला सांगू शकत नाही मी." त्यांचा आवाज फुटला. त्यांना असे मी कधी पाहिले नव्हते.

माणसे चुळबुळत होती. तेवढ्यात सविता गर्दीतून पुढे आली. तिने पिल्लांकडे बराच वेळ पाहिले. मग ती दिराला म्हणाली, "भावजी, ठेवा त्यो कोयता. आपल्या रानात आनखी रगत नको."

दत्तूने कोयता खाली टाकला आणि तो बांधावर मटकन बसला. मॅडम त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

वनखात्याच्या लोकांनी पिल्ले क्रेटमध्ये ठेवून मादीला ती नेता यावीत म्हणून क्रेट तिथेच रानात ठेवला, समोर कॅमेरा लावला आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना लांब जायला सांगितले. मॅडमनी पुढच्या वस्तीसाठी राहुरी स्टँडवरून कोपरगावची गाडी पकडली. मी वस्तीवरच मुक्काम केला, त्यांची शाल माझ्या पिशवीतच राहिली.

सकाळी त्यांचा फोन आला. "मादी दोन्ही पिल्लं घेऊन गेली. कॅमेऱ्यात दिसलीय. तू शाळेवर जा. पोरं आली का बघ, कालच्या प्रकारानं घाबरली असतील."

मी गेले. रांग नेहमीसारखी आली, पाढे म्हणत. सगळ्यात मागे सविता होती आणि तिच्या बोटाला धरून परी, नव्या रिबिनी बांधलेली. शाळेच्या दारात सविता थबकली. "गुरुजी, हिचं नाव घाला," ती म्हणाली आणि झटकन तोंड फिरवून उभी राहिली.

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला आणि सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुजींना सांग, तिला पुढं बसवू नका. दारातली आई दिसेल अशी बसवा."