खुर्ची क्रमांक एक

इंग्रजी शिकवायला मी घरातलीच माणसं निवडली, कारण ती पळून जाऊ शकत नव्हती.

बीएडला नियम असा, की कॉलेजबाहेर मोठ्या माणसांना दहा तास इंग्रजी शिकवायचं. शेवटचा तास कॉलेजच्या मॅडम स्वतः येऊन बघणार. त्यांची सही नाही तर मी पास नाही. मी निर्धास्त होते. ठाण्याच्या कोळीवाड्यात माझं आजोळ, तिथे तीन विद्यार्थी हुकमी: वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले मामा, मामी आणि मासळी विकणारी मावशी.

पाठ बसवलेला होता (सगळेच बसवतात, मीच कशाला लाजू?). पहिल्या खुर्चीला, म्हणजे मामांना, नाव विचारायचं, दुसरीला, मावशीला, काम, तिसरीला, मामीला, मुलं किती. प्रत्येकाचं एकच उत्तर, तोंडपाठ. चौथी खुर्ची मागे, मॅडमसाठी.

मॅडम आल्या. मामा ताडकन उठले.

"पाहुण्यांना मागं बसवतात का गो? मॅडम, इथं या, पंख्याखाली."

मॅडम पहिल्या खुर्चीत. बाकी सगळे एकेक खुर्ची मागे सरकले. माझं लक्ष हातातल्या कागदावर. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"व्हॉट इज युवर नेम?"

मॅडमनी गपचूप नाव सांगितलं. मी म्हटलं, "व्हेरी गुड!"

"व्हॉट डू यू डू?"

"माय नेम इज नारायण," मामा म्हणाले.

"हाऊ मेनी चिल्ड्रन?"

"आय सेल फिश," मावशी म्हणाली.

मामी तर प्रश्नाची वाटही न बघता म्हणाली, "टू."

सही गेली, वर्ष गेलं. मॅडमनी मावशीकडे वळून इंग्रजीत विचारलं, "आज काय मासळी आहे?" हे काही मी शिकवलं नव्हतं.

"पापलेट, मॅडम. मॉर्निंग बोट. सी द आय, नो आइस. नॉट गुड, ब्रिंग बॅक," मावशी धडाधड सुटली. टॉवरमधली गिऱ्हाइकं तिने वीस वर्षं अशीच सांभाळली होती. आम्हाला कधी पत्ताच नव्हता!

मॅडम चार पापलेटं घेऊन गेल्या. सहीऐवजी माझ्या वहीत लिहून गेल्या: 'आणखी दहा तास, मासळीबाजारात, मावशींच्या हाताखाली.'

तेही पुरे केले. वहीत निरीक्षकाची सही मावशीची आहे. शेजारी तिचाच शेरा: 'पोरगी बरी हाय. गिऱ्हाईक बघून घाबरते.'